भिंतीपाशी उभा राहणारा पंच

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी सात. अमरावतीचा तरणतलाव. हजर: मुख्य पंच, शिट्टी देणारे एक, वेळ घेणारे बारा, वळणाच्या भिंतीशी दोन. त्या दोघांतले एक, सगळ्यांचे काका. निकालाच्या टेबलावर मी.

काका बडनेऱ्याला रेल्वेत होते. पोहायला शिकले शेतातल्या विहिरीत. नोकरीत सुट्ट्या साठवायचे त्या लग्नकार्यासाठी नाही, अमरावती-अकोल्याच्या स्पर्धांसाठी. तिथे त्यांचं काम एकच: वळताना पोहणाऱ्याचे हात भिंतीला कसे लागतात ते पाहणं. त्यासाठी ते गुडघे टेकून थेट पाण्यावर वाकायचे. दिवसअखेर शर्ट पिळून काढावा लागे. कोरड्या शर्टाच्या पंचावर त्यांचा विश्वास नव्हता.

त्या दिवशी मुलींची ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत होती. या प्रकारात दोन्ही हात एकदमच टेकले पाहिजेत, नाहीतर बाद. अंजनगाव सुर्जीची एक मुलगी वळली आणि काकांनी हात वर केला. मुलगी दुसरी आली होती. राज्य स्पर्धेसाठी पहिल्या दोघीच जाणार होत्या.

तिची आई तरातरा टेबलाशी आली. "दोन्ही हात लागले तिचे! काका, चष्मा पुसा एकदा!"

"पुसला, बाई," काका म्हणाले. "डोया तोच हाय."

लोक हसले. काका हसले नाहीत. बाद केल्याचं कारण लिहायला मी कागद पुढे केला, तर पेन हातात घेऊन ते नुसतेच उभे.

"काका, लिहा ना. कोणता हात मागं राह्यला?"

"तेच तर आठवत नाही. खरं सांगू? मले दिसलंच नाही. पाणी सारं पांढरं दिसून राह्यलं सकाळपासून."

"मंग हात काहून वर केला?"

"सवयीनं. तिचा खांदा वाकडा दिसला, अन् वाटलं, हातही तसाच असंन."

कागद तिथेच ठेवून ते मुख्य पंचांकडे गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मी पाह्यलं नाही. शंका असंन तर फायदा पोरीचा." मुलगी निवडली गेली. आई पुन्हा आली, या वेळी काकांकडे. काकांनीच विचारलं, "पोरीले काही खाऊ घातलं का?"

निघताना मला म्हणाले, "अकोल्याले माझं नाव टाकू नको."

"मोतीबिंदू असंन, काका. ऑपरेशन करून घ्या, लागलीच टाकतो."

"तवा पाहू. तवरक दुसरा माणूस पाह्य. गुडघे टेकणारा पाह्यजो."

अकोल्याची स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. जागा भरायची आहे. दोन नावं काढली आहेत, दोघांचे नंबरही आहेत. फोन अजून एकालाही केलेला नाही.