शुक्रवारची सही

आमचे मालक शुक्रवारी चेकवर सही करत नसत. शुक्रवार लक्ष्मीचा, त्या दिवशी पैसा बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं त्यांच्या आईने शिकवलेलं, आणि आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शनिवारी आमच्या सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीला सुट्टी, लाइटच बंद. रविवारी बँक बंद. राहिले चार दिवस, आणि त्या चार दिवसांत मालक जागेवर सापडतील तर शपथ!

मी तिथे हिशेब बघायची. रोज नाशिकहून एस.टी.ने जायचं-यायचं. पत्र्याचे छोटे भाग ठोकून देणारं वर्कशॉप, पंचवीस-तीस कामगार. त्यांच्या पगारातून दर महिन्याला प्रॉव्हिडंट फंड कापायचा, मालकाचा हिस्सा त्यात घालायचा आणि पंधरा तारखेच्या आत नाशिकच्या बँकेत चेकने भरायचा. फार तर पुढे पाच दिवसांची सवलत. वीस तारीख उलटली की व्याज, आणि वर दंड. चार प्रतींचं ते चलन मी कार्बन घालून दहा तारखेलाच तयार ठेवायची.

"साहेब, चलन."

"उद्या करू ना मॅडम. पार्टीचा चेक येतोय."

"उद्या शुक्रवार आहे."

"आरं हो! मग सोमवारी."

सोमवारी स्वारी मुंबईला. माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची! माणूस वाईट नव्हता हो, हेच तर दुखणं. वाईट असता तर नोकरी सोडून मोकळी झाले असते. पगार सात तारखेला म्हणजे सात तारखेला, स्वतःच्या हाताने वाटणार, प्रत्येकाच्या घरची चौकशी करणार. फंडाचं काढलं की म्हणणार, "सरकार काय उपाशी मरतंय का? माझ्या माणसांचा पगार कधी चुकला का, सांगा." अहो, हासुद्धा त्यांचाच पगार आहे, असं मी किती वेळा सांगितलं असेल. पण ऐकतो कोण?

शेवटी एका जूनमध्ये माझं डोकं फिरलं. म्हटलं, बास. भिकाऱ्यासारखं सहीसाठी मागे लागायचं नाही. आठवण करायची नाही, चलन पुढे करायचं नाही. एकदा सणसणीत दंड बसू दे, म्हणजे डोळे उघडतील. चलन खणात टाकलं आणि खण लावून घेतला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी एस.टी.त मला मस्त झोप लागली.

वीस तारीख गेली. मालकांनी चलनाचं नावसुद्धा काढलं नाही.

पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवरचा आमचा सगळ्यात जुना कामगार, आमचा प्रेसवाला, नांदगावकडचा. त्याची मुलगी त्या वर्षी बारावी झाली आणि नाशिकच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. फीसाठी त्याने फंडातून पैसे मागितले होते. तो फॉर्म मीच भरला होता, त्याच जूनमध्ये, त्याच टेबलावर. सही करताना त्याने हात दोनदा पँटला पुसला.

"ताई, टायमात व्हईल ना?"

"होईल हो. तुमचाच तर पैसा आहे."

आणि खाली खणात चलन पडलेलं. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी जुळल्याच नाहीत. आजही कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म परत आला. मागील महिन्याचा भरणा दिसत नाही, असा शेरा. खण उघडून चलन काढलं. धावत मालकांच्या केबिनमध्ये गेले. मंगळवार होता, त्यांनी निमूट सही केली. भरणा झाला, पण सतरा दिवस उशिरा. फॉर्म पुन्हा पाठवला. आधीची उचल फिटली नव्हती म्हणून मालकांकडे मागायला प्रेसवाला काही केल्या तयार होईना. मी माझ्याजवळचे देऊ केले, ते फीला पुरण्यासारखे नव्हते. फंडाचे पैसे ऑगस्टमध्ये आले. तोवर कॉलेजची तारीख उलटून गेली होती. तिथे पाच दिवसांची सवलत वगैरे काही नव्हती.

ती पोर वर्षभर आमच्याकडेच पॅकिंगला आली. वायसर, म्हणजे पत्र्याच्या भोकाच्या चकत्या, मोजून पिशव्यांत भरायची. पहिल्या पगाराला तिने विचारलं, "मॅडम, हे कशाचे कापले?"

"फंडाचे. तुझ्याच कामाला येतील," मी म्हणाले. जीभ कशी वळली देव जाणे.

दंडाची नोटीस आली ती चार-पाच वर्षांनी. सोबत तक्ता, प्रत्येक महिन्यापुढे उशिराचे दिवस. सुनावणीला मालकांबरोबर मी नाशिकला गेले. अधिकारी शांत होते. एकेका महिन्यावर बोट ठेवून कारण विचारत होते.

"शुक्रवार व्हता, साहेब," मालक म्हणाले.

"आणि हा?"

"शुक्रवारच, साहेब."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग अधिकाऱ्यांचं बोट त्या जूनवर आलं. "सतरा दिवस. सतराही दिवस शुक्रवारच होता का?"

मालक माझ्याकडे वळले. "मॅडम, त्या महिन्यात काय झालं होतं हो?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

दंड कायम झाला. मालकांनी तो कुरकुर न करता मान्य केला. मग त्यांच्या जीपने वर्कशॉपला परत निघालो. पळसे गेलं, शिंदे गाव गेलं. मोहदरीचा घाट चढताना मात्र राहवलं नाही. चलन मीच मुद्दाम खणात ठेवलं होतं, त्यापायीच प्रेसवाल्याच्या पोरीचं वर्ष गेलं, हे सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर जाऊ दे, म्हटलं.

गाडी वर सपाटीला आली. मग मालक म्हणाले, "माझा दंड मी भरीन, मॅडम. मला कशाला सांगता? त्या पोरीला सांगा."

ती पोर पॅकिंगचं ते एक वर्ष संपल्यावर नर्सिंगला गेली होती. आता नाशिकच्या एका दवाखान्यात आहे. मध्यंतरी माझ्या गुडघ्यासाठी गेले होते, तर धावत आली, माझा हात धरून बरोबरीच्या मुलींना सांगायला लागली, "माझ्या फीसाठी या मॅडमनी किती धावपळ केली होती, माहितीये?" मुली कौतुकाने माझ्याकडे बघत राहिल्या. मी तिला चहा नको म्हणाले, गुडघ्याचं औषध घेतलं आणि घरी आले.

तिला मी अजून सांगितलेलं नाही.