चिंचेचा भाव

आमच्या घरमालकांइतका घासाघीस करणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात झाला नसेल. वाशीत फ्लॅट मिळेपर्यंत मी सानपाडा गावात त्यांच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी शाळामास्तर, ते मिठागरवाले. भाडं दर महिन्याला नव्याने ठरायचं आणि तासभर वाद, दोन कप चहा झाल्यावर जुन्याच आकड्यावर यायचं. बाजारात कोळणीशी असे हुज्जत घालायचे की ती टोपली उचलून निघायची. मग तिला परत बोलावून तिने आधी सांगितलेलेच पैसे खुशीत द्यायचे. "बाजेवाल्याशी भाव करता करता आमचा मुहूर्त टलला," असं त्यांची बायको अजून रागाने सांगायची.

अशा माणसाच्या दारातली चिंच सरकारच्या नव्या रस्त्यात आली. मोजणीवाल्याने बुंध्याला टेप लावून लाकडाचा आणि चिंचांचा भाव सांगितला. घरमालक म्हणाले, "आनि सावलीचा?" तिथून जे सुरू झालं ते काही वर्षं चाललं. ठेवणीतला कोट घालून ते कचेरीत जायचे. सरकारी मराठी समजावायला मी सोबत. कचेरी भावात जरा वर चढली की यांची नवी बाब तयार. "गावच्या पोरींची हलद हिच्याखाली लागते. धवलारीन हितंच बसून लग्नाची गानी म्हनते. त्या गान्यांचं काय?" साहेबांनी कपाळाला हात लावला. पुढच्या खेपेला भूत निघालं. "वरती ऱ्हातंय. आमाला बदली जागा देता, मंग त्याला नको?"

मला वाटायचं, म्हातारा भलताच लोभी आहे. शेवटी एक मायाळू साहेब आले. गाणी, सावली, भूत सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "आजोबा, तुम्ही म्हणाल तो आकडा. बोला."

घरमालकांचा चेहरा उतरला. "घरात इचारून सांगतो," म्हणून उठलेच. वाटेत मी चिडलो. "काका, जिंकलात की! घ्यायचे होते."

"मास्तर, भाव जमला म्हंजे माल द्यावा लागतो."

"मग इतकी वर्षं घासाघीस कशाला केलीत?"

"तवर उभी व्हती ना चिंच."

सुदैवाने त्या साहेबांची बदली झाली आणि घरमालकांनी नव्या साहेबांपुढे पहिल्यापासून, सावलीपासून, सुरुवात केली.

पुढे मी वाशीला गेलो, आणि एका हिवाळ्यात घरमालक गेले. दिवसकार्याला गेलो तेव्हा चिंच होती. पाडव्याला गेलो तेव्हा तिथे खडी पडली होती. त्यांची मुलं मला आनंदाने सांगत होती, कचेरीने लगेच चांगला भाव दिला, एका बैठकीत काम झालं. मुलं वाईट नव्हती, त्यांना फक्त घासाघीस येत नव्हती. त्यांच्या आईने चहा आणला. बसायला सावली नव्हती, म्हणून आम्ही तो आत बसून प्यायलो.