भाकरीचा उंडा

मुलगी पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माझ्याकडे आली, तेव्हापासून मी तिच्या भाकरीचा उंडा रोज थोडा थोडा लहान करत गेले. एकदम नाही. एकदम केला असता तर तिला कळलं असतं.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गरोदर बायांनी काय खावं हे सांगणं माझं काम. भिंतीवरच्या तक्त्यावर काठी ठेवून मी कितीतरी वर्षं तेच सांगत आले, की चार वेळा खा, पोट मारू नका. आणि घरी पोटच्या पोरीचंच पोट मारत होते.

तिच्याआधी मला एक मुलगा झाला होता. चांगला थोराड. दोन दिवस अडला, आणि बाहेर आला तेव्हा रडला नाही. माझी आई तेव्हा म्हणाली, "लई खाल्लं तू. लेकरू मोठं झालं, म्हणून अडलं." पुढे प्रशिक्षणात मी शिकले की असं नसतं. परीक्षेत लिहिलंही. पण परातीत हात घातला की आईचंच ऐकू यायचं. मुलीला त्या भावाबद्दल मी कधी सांगितलंच नव्हतं.

"आई, आज एकच भाकर?"

"या दिवसांत जड जेवू नये बाई."

ती हसली. "अंगणवाडीत त चार वेळा खा म्हणते. तुह्या रजिस्टरात माहं नाव नाही वाट्टे."

आठवा संपत आला तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टरनं तिच्या पोटावर टेप लावला. "काय वं मॅडम, गावाले खाऊ घालता अन् पोरीले उपाशी ठेवता काय?" तिथल्या बाया हसल्या. मीही हसले. सिस्टरनं टेप पुन्हा लावला. मग ती काही गंमत बोलली नाही. "महिन्याच्या मानानं पोट लहान हाय. उद्याच यवतमाळले जा. सोनोग्राफी करून घ्या."

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बराच वेळ मापं घेतली. बाळाची वाढ कमी होती, वारेतून बाळाला रक्त कमी जात होतं. मुलीनं विचारलं, "मॅडम, माहं काही चुकलं का?"

"असं का होतं ते दर वेळी सांगता येत नाही. नुसतं खाणं कमी पडल्यानं वारेला असं होत नाही. पण आता पोटभर खा, आणि बाळाची हालचाल मोजत जा."

नुसत्या खाण्यानं असं होत नाही, तेवढंच बोलणं मी धरून ठेवलं. इतकी वर्षं त्याच्याच आडोशाला राहिले.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "तिकडे सासरी फवारणी चालू होती तवा मी वावरात गेलती. त्याच्यानं झालं असन का?"

"नाही वं."

तेव्हा सांगायला हवं होतं. समोरच्या सीटचं रेक्झिन फाटलं होतं, आतला पिवळा स्पंज कोणीतरी कोरून काढला होता. राळेगाव येईपर्यंत मी तेवढंच बघत होते. भीती वाटत होती असंही नाही. काहीच वाटत नव्हतं.

मग मी मोठ्या भाकरी थापायला लागले. अंडी, दूध, शेंगदाण्याचे लाडू. ती अर्ध्यातच ताट सरकवायची. "जात नाही वं आई. कोंबून राह्यली काय मले?"

जेवण झालं की ती डाव्या कुशीवर निजायची. जवळ दोन वाट्या, एकीत तुरीचे दहा दाणे. पोटात हाललं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. दोन तासांत दहा झाले नाहीत तर दवाखान्यात यायचं, असं बजावलं होतं. मी शेजारी बसून दाणे बघायची. "आज अर्ध्या तासात झाले, आई. लाथाडून राह्यलं नुसतं." मी मान हलवायची. दहा झाले काय आणि नऊ झाले काय, माझा चेहरा तोच असायचा. ती एकदा म्हणालीही, "तुले काहीच कसं वाटत नाही?"

नववा लागून थोडे दिवस झाले असतील. एका दुपारी सहावर दाणे थांबले. तिनं गोड चहा घेतला, कूस बदलली. सहाच. आम्ही यवतमाळ गाठलं, आणि त्याच संध्याकाळी सिझर झालं. लेकरू अडेल, सिझर करावं लागेल, या भीतीनं मी हे सगळं केलं, आणि शेवटी तेच.

मुलगी झाली. पावणेदोन किलोची. गावातली शेकडो लेकरं मी काट्यावर ठेवली आहेत, पण तो काटा मला बघवला नाही. काचेच्या पेटीत ती बरेच दिवस होती. मग घरी आली. जगली.

आता ती पाच वर्षांची आहे. बारकी आहे, पण तिच्या तोंडाला लगाम नाही. तिची आई पुन्हा सातव्या महिन्यात माझ्याकडे आली आहे. परवा मी भाकरी थापत होते, ती ओट्याला टेकून उभी होती.

"या खेपेले मी पहिल्यापासून नीट खाऊन राह्यली," ती म्हणाली. "मागच्या टायमाले माह्याच्यानंच झालं ना पोरीले."

इतकी वर्षं तिनं ते स्वतःवर घेतलं होतं. मी तव्याकडे बघत सगळं सांगितलं. तो मुलगा, माझी आई, उंडा. तव्यावरची भाकर करपली. आमच्यापैकी कोणी ती उलटवली नाही.

"किती लहान?" तिनं विचारलं.

मी मूठ मिटून दाखवली. ती त्या मुठीकडे बघत राहिली.

"अन् मी म्हणो, आईले माही काळजी हाय."

मग तिनं गॅस बारीक केला, करपलेली भाकर काढून बाजूला ठेवली. "सरक," म्हणाली.

तेव्हापासून भाकरी तीच करते. पाठ दुखते तरी करते. मी परातीला हात लावला की परात ओढून घेते. नात विचारते, "आजी, तुले भाकर येत नाही काय?" मुलगी मला भाकर वाढते, मुद्दाम मोठी, आणि मी खाते.