गोदाम खाली

लग्न होऊन मी बालाघाटला आले तेव्हा मला दागिन्यांपेक्षा माझ्या अक्षराची मिजास जास्त होती. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचा मान माझा असे. सासरी किराण्याचं दुकान. त्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, गूळ इतका भरून ठेवला की गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. पावसाळी हवेत गुळाला पाणी सुटतं, मग तो विकायचा नसतो, पुसायचा असतो.

म्हणून घरात सेल ठरला. सेल म्हणजे टॉर्चमध्ये घालतात ते, एवढंच तोवर सासूबाईंना ठाऊक होतं. सालभराचा किराणा एकदम नेणाऱ्याला काहीतरी फुकट द्यायचं होतं. काय द्यायचं, यावर तीन दिवस भांडण चाललं. सासूबाई म्हणाल्या, झाडू. मामाजी म्हणाले, झाडू म्हणजे लक्ष्मी, ती वाटत सुटलो तर घरात राहील काय? नवऱ्यानं आरसा सुचवला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी पळीवर तडजोड झाली.

आमचं दुकान उंच जोत्यावर, आणि गोदाम मागच्या उतारावर, दुकानाच्या बरोबर खाली. गिऱ्हाइकाला तिथवर न्यायला पाटी हवी होती. ते काम मी मागून घेतलं आणि पत्र्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: ‘सालभराचा किराणा. गोदाम खाली.’ शेजारी बाण काढू का, असं नवऱ्यानं विचारलं. माझ्या अक्षराशेजारी त्याचा बाण शोभणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

सेलच्या दिवशी सकाळपासून लोक येत, पाटी वाचत, चुकचुकत आणि निघून जात. लालबर्र्याहून आलेली बैलगाडी तर बैल न सोडताच वळली. लांजीकडची एक म्हातारी, आमच्यासारखंच मराठी बोलणारी, तेवढी सरळ खाली उतरली आणि पळी घेऊन गेली. दुपारपर्यंत ती एकच पळी खपली. मामाजी घडीघडी खाली जाऊन ढेपांना हात लावून येत होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

तेवढ्यात समोरचा शिंपी आला. त्याची बोली हिंदी. मी दुकानामागच्या पडद्याआड उभी होते.

"सेठजी, सच में गोदाम खाली है?"

"हौ जी."

"पूरा?"

"पूरा. अर्धं वर आन् अर्धं खाली, असं कुठं राह्यते का?"

"कब से?"

"बाप के जमाने से," मामाजी अभिमानानं म्हणाले.

शिंप्याचे डोळे भरून आले. दिवस पालटेपर्यंत दोन वेळचं जेवण आपल्या घरून येईल, असं तो मामाजींचा हात धरून सांगू लागला. मामाजींना काही समजेना. मला मात्र पडद्याआड दरदरून घाम फुटला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं! आमच्याकडे आता काही उरलं नाही, असं मी सकाळपासून अख्ख्या गावाला सुवाच्य अक्षरात सांगत होते.

नव्या सुनेनं सासऱ्यासमोर दुकानात यायची आमच्यात पद्धत नव्हती. पण गप्प बसले असते तर गूळ गेला असता. डोक्यावर पदर ओढला, कुंचला घेतला, सरळ रस्त्यावर जाऊन पाटीवर दोन शब्द वाढवले. आता पाटी म्हणत होती, ‘गोदाम खाली करना है.’

दुसऱ्या दिवशी इतकी झुंबड उडाली की पळ्या संपल्या, आणि सासूबाईंची आमटीतली पळीसुद्धा कुणीतरी नेली. पावसाआधी गुळाची शेवटची ढेप गेली.

गावाला मात्र हसायला विषय मिळाला. दुकानात येईल तो विचारी, पाटी लिहिली कोणी? पहिल्यांदा विचारलं तेव्हा सासूबाईंची मान पडद्याकडे वळलीच होती. मामाजी मध्येच म्हणाले, "मीनंच लिवली. हिंदीचं ध्यान नाही राह्यलं."

मामाजींचं अक्षर मामाजींनाही लागत नसे, हे बालाघाटात लहान पोरालाही माहीत होतं. पडद्याआड मला रडू आलं, आणि पहिल्यांदाच ते माहेरच्या आठवणीनं नव्हतं.