खंडेनवमीचा कॉम्प्युटर

गाडी दरीत गेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा दरीत. नागनाथअण्णांचं बोट की-बोर्डवर टेकायच्या आत.

"कामून पळायलीय एवढी?" त्यांनी मलाच विचारलं.

मी भालकीत बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. अण्णांचं मन्नाएखेळ्ळीला खताचं दुकान. तरुणपणी कॉम्प्युटर क्लासमध्ये रेसिंगच्या गेमात त्यांचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, त्यांना रोज हरवायचे. दाजी खजुरीचे. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला जेवायला येतात, आणि पंगतीत सगळ्यांना ते ऐकवून दुपारच्या बसने जातात. अण्णांना एकदा, फक्त एकदा, त्यांना हरवायचं होतं. गेमची फ्लॉपी त्यांनी जपून ठेवली होती.

मी जुनंच मशीन शोधू म्हणालो होतो. अण्णांनी सगळ्यात तगडा प्रोसेसर घ्यायला लावला. आता, त्या काळातले काही गेम प्रोसेसरच्या वेगावर चालतात. प्रोसेसर दांडगा, तर गाडी सुसाट. सॉफ्टवेअरने वेग कमी करतो म्हटलं, तर "दाजी म्हणंल, नकली हाय." झालं. मंद प्रोसेसर, फ्लॉपी ड्राइव्ह आणि वेग उतरवायचं टर्बो बटण, हे सगळं असलेलं मशीन शोधणं आलं.

ते सापडलं आमच्याच तालुक्यातल्या मेहकरात, तो क्लास चालवणाऱ्या सुशीलाक्कांच्या घरी. भरतकामाच्या कव्हरखाली, कपाळाला कुंकू. क्लास कधीच बंद झाला होता, पण दर खंडेनवमीला शिलाई मशीन आणि विळ्याशेजारी त्याची पूजा व्हायची. अण्णा म्हणाले, म्हणाल ती किंमत देतो.

"पूजेला बसलेली वस्तू इकत नसतेत, अण्णा," अक्का म्हणाल्या. "वापरायला न्या. खंडेनवमीला तेवढं सकाळीच आमच्या घरला आणून ठेवा."

अण्णा लगेच कबूल. दाजींना मेहकरातच जेवायला नेऊ, अक्कांच्या घरीच हरवू. मलाही ते सोयीचं वाटलं.

मशीन उघडलं. फ्लॉपी ड्राइव्हमधून अक्षता निघाल्या, पंख्यातून झेंडूच्या पाकळ्या. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, आतला सेल बदलला, पॉवर सप्लाय नवा टाकला. गेम सुरू झाला तेव्हा मला खरंच भरून आलं. अण्णांनी महिनाभर सराव केला. खताचं दुकान बायकोने सांभाळलं.

खंडेनवमीला मशीन अक्कांकडे पोचलं. दाजी आले, जेवले, नेहमीचं ऐकवून झालं. अण्णांनी बाह्या सरसावल्या आणि बटणाकडे हात नेला.

अक्कांनी हात धरला. "पूजा झालीया. आज कसं चालू करायलाव?"

पूजेच्या दिवशी हत्याराला विसावा, हे कोणाला ठाऊक नव्हतं? मी स्वतः त्या दिवशी स्क्रू ड्रायव्हरला शिवत नाही. अण्णा माझ्याकडे असे बघत होते, जणू हा नियम मीच काढलाय. फार वाईट वाटलं.

दाजींना बसपर्यंत सोडायला मी गेलो. वाटेत त्यांनी चष्मा पुसला.

"मास्तर, मला आता ती गाडी दिसत बी न्हाई," ते हळूच म्हणाले. "अक्काला म्हणावं, दरवर्षी पूजा चुकवू नका."

तेव्हापासून जुन्या मशीनचं गिऱ्हाईक आलं की मी प्रोसेसर, रॅम, ड्राइव्ह सगळं विचारतो. पण त्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो.