जॉर्जेटच्या पिशव्यांतले पेरू

आमच्या दारातल्या पेरूला बाबांनी कपडे घातले होते. हे सांगितलं की लोक हसतात, मग मला बाबांची इतकी आठवण येते की पुढचं सांगायचं राहूनच जातं. आज सगळं सांगून टाकते.

बाबा तरुणपणी जळगावकडून सुरतेला आले. आधी लूमवर तुटके धागे गाठत, मग मिलमध्ये कापड तपासायच्या खात्यात. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापडाचा ताका सरकत जायचा आणि तुटका धागा किंवा तेलाचा डाग दिसला की बाबा खडूने खूण करायचे. निवृत्तीनंतर सुरतेतल्याच कोसाडच्या आमच्या कोपऱ्यावरच्या घरात त्यांना तपासायला एवढं एक पेरूचं झाडच उरलं.

झाड दिलदार, फळं मात्र फसवी. बाहेरून पिवळीधमक आणि आत अळ्यांची वळवळ. फळमाशी हिरव्या फळाला टोचून आत अंडी घालते, हे बाबांनी कुणाकडून तरी ऐकलं आणि ती माशी त्यांची जन्माची वैरीण झाली. पेरू उन्हात धरून ते बोटांत गोल फिरवायचे. सुई टोचल्याएवढा ठिपका असेल आणि त्याच्याभोवतीची साल जराशी खचलेली असेल, तर आत माल खराब. मग निकाल लागायचा : ‘पास’, ‘सेकंड’ किंवा ‘चिंधी’. सेकंड म्हणजे बिघडलेला भाग काढून उरलेला आईच्या कोशिंबिरीत. चिंधी म्हणजे हातभर खड्ड्यात पुरायचा, कारण वर पडलेल्या फळातून पुन्हा माश्याच निघणार.

“जावई शोधताना एवढं बघितलं असतंत तर पोरगी एव्हाना सासरी असती,” आई म्हणायची. मी तिकडे कान द्यायची नाही.

फळं झाकण्याचे सगळे प्रकार झाले. वर्तमानपत्र दवाने भिजून फाटलं, प्लास्टिकच्या पिशवीत फळाला घाम सुटून ते सडलं. आई घरी साड्यांना लेस लावायचं काम करायची. तिच्याकडे जॉर्जेटच्या आणि नेटच्या चिंध्यांचं पोतं होतं. बाबांनी माप काढलं, आईने मशीनवर नाडीच्या पिशव्या शिवल्या आणि लिंबाएवढ्या झालेल्या प्रत्येक पेरूला एकेक बांधली. गुलाबी, मोरपंखी, काहींना जरीचा काठ. हिवाळ्याच्या उन्हात आमचं झाड लग्नाला निघाल्यासारखं दिसायला लागलं. बाबा रोज चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभे राहायचे.

आणि एके दिवशी सकाळी झाडाखाली नारळ होता. बुंध्याला कुंकू, शेजारी दोन अगरबत्त्या.

येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आमचं झाड नवसाचं ठरवलं होतं. आम्ही बौद्ध. त्यात बाबा बावीस प्रतिज्ञांतली एकही वाकू न देणारे. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बादलीभर पाण्याने त्यांनी बुंधा घासून धुतला आणि माझ्याकडून पाटी लिहून घेतली, मराठी, हिंदी आणि गुजरातीत : ‘हे पेरूचं झाड आहे. पिशव्या माशीसाठी आहेत. नवस बोलू नये.’ दुसऱ्या दिवशी कुणीतरी पाटीलाच झेंडूचा हार घातला. आई इतकी हसली की बाबा दुपारपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

मग एका दुपारी त्यांनी एका बाईला रंगेहाथ पकडलं. मागच्या गल्लीतली, तिशीची असेल. खालच्या फांदीवरच्या, आमच्या नजरेतून सुटलेल्या एका उघड्या पेरूला ती हाताने शिवलेली लाल पिशवी बांधत होती. बाबा ओरडतच बाहेर गेले, मी त्यांच्या मागे. बाई घाबरली, पण हातातली नाडी तिने सोडली नाही.

“मनी आंडेर आजारी शे, बाबा,” ती म्हणाली. “ती काहीच खात नही.”

आंडेर म्हणजे अहिराणीत मुलगी. सात वर्षांच्या त्या पोरीला कावीळ होऊन गेली होती. औषधांनी ती बरी झाली, पण अन्नावरची तिची वासनाच उडाली होती. डॉक्टर म्हणत होते खायला घाला, आणि पोरगी दाताला दात लावून बसायची. पूर्वी तिला पेरू फार आवडायचा. हे फळ पिकलं की ती खाईल, असं तिच्या आईने मनाशी धरलं होतं.

बाबांनी तिला दवाखाना सोडू नकोस म्हणून बजावलं. पिशवी मात्र काढायला लावली नाही. ती गेल्यावर त्यांनी नाडी सैल करून आतला पेरू बोटांत फिरवला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे बघ.”

मला काहीच दिसलं नाही. त्यांनी नखाने दाखवलं तेव्हा दिसलं : ठिपका आणि त्याच्याभोवती खचलेली साल. बाईने पिशवी बांधायच्या आधीच माशी येऊन गेली होती.

“सांगा तिला,” मी म्हटलं.

“काय सांगू? तुझ्या पोरीच्या नावाचा पेरू किडका आहे म्हणून?”

पुढचे दोन दिवस ती बाई येता-जाता थांबून लाल पिशवीकडे बघायची आणि बाबा पेपर तोंडासमोर धरायचे. फळ कापलं आणि आत अळ्या निघाल्या, तर ती हातपाय गाळून बसेल, अशी त्यांना धास्ती होती. आईच खचली तर पोरीला घास कोण भरवणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी झाडाला पाणी घालताना मी त्यांना बघितलं. त्याच फांदीवर वीतभर अंतरावर आमच्या मोरपंखी पिशवीतला एक पेरू होता. बाबा त्यातल्या फळाला लाल पिशवी चढवत होते. किडका पेरू त्यांनी आधीच तोडून पुरून टाकला होता.

“मी नवस-बिवस मानत नाही,” मी काही विचारायच्या आतच ते खेकसले. “माल बदलतोय फक्त.”

पुढचे दहा-बारा दिवस बाबांसारखी त्या फळाची राखण कुणीही केली नसेल. खारीला हाकललं, पोपटांना टाळ्या वाजवल्या, कावळ्याला खराटा फेकून मारला. पिशवीतून पिकल्याचा वास यायला लागला तेव्हा त्यांनी मला पाठवून बाईला निरोप दिला.

ती पोरीला कडेवर घेऊन आली. सात वर्षांची पोर कडेवर, यावरूनच काय ते समजावं. बाईने स्वतः नाडीची गाठ सोडली. जरा वेळ नाडीकडे बघत राहिली, मग पेरू तोडून बाबांच्या हातात दिला. बाबांनी सुरी फिरवली. आतून गुलाबी, कोरा, एक रेघ नाही.

माझ्या आईने फोडींना मीठ लावलं. पोरीने एक हातात घेतली. हुंगली. आम्ही चौघं तिच्या तोंडाकडे बघत उभे. तिने जिभेने मीठ चाटलं, मग दात लावला. एक फोड संपली. तिने दुसरीला हात घातला, तेव्हा तिची आई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

आता ही झाडाच्या पाया पडणार, असं मला वाटलं. बाबांनाही वाटलं असणार. त्यांना खोटं सहन व्हायचं नाही, स्वतःचं तर मुळीच नाही.

“बाई, झाडाने काही केलं नाही,” ते म्हणाले. “तुझा पेरू किडका होता. मी बदलला.”

ती रडता रडता हसली.

“माले माहीत व्हतं, बाबा. ती गाठ मनी नव्हती. मना मानूस लूमवर शे. धागा तुटना का ते तशीच गाठ मारतस, मी वळखस.”

आणि ती बाबांच्या पाया पडली. बाबा दचकून दोन पावलं मागे सरले. आयुष्यभर कुणाला पायाला हात लावू न दिलेला माणूस तो. मग ते एकदम ओरडले, “उद्या पण आण तिला! परवा पण आण!”

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. ते ज्या ज्या वेळी ओरडले, त्यातलं एवढंच मला पुन्हा एकदा ऐकायचं आहे.