दाजींना न उघडणारं कुलूप

माझे दाजी किल्ल्या बनवतात. बाजारात दोन दुकानांच्या मधे जी फट उरली होती तीत त्यांची टपरी आहे. आत ते आणि त्यांची कानस, एवढंच मावतं. गावातलं कुठलंही दार त्यांना परकं नाही. त्यामुळे या माणसाने जन्मात कधी दार वाजवलेलं नाही. पोरगी अभ्यासाला बसलेली असो, ताई कपडे बदलत असो की मी अंघोळ करत असो, दाजी आपले सरळ आत. कडी लावली तर ती बाहेरून काढतात आणि वर मलाच विचारतात, "कडी ढिली झालीये का रे?" मी त्यांचा सख्खा मेहुणा, बोलणार काय?

साथ आली तेव्हा मी ताईकडे दोन दिवसांसाठी म्हणून गेलो होतो. रस्ते बंद झाले आणि तिथेच अडकलो. भाची इस्पितळात नर्स, आणि दाजींना दमा. एका संध्याकाळी भाची घरात आलीच नाही, दारातच उभी राहिली.

"मी समोरच्या खोलीत राहणार. शेजाऱ्यांना विचारलंय, ती रिकामीच आहे. साथ संपेपर्यंत कुणी आत यायचं नाही. बाबा, तुम्ही तर मुळीच नाही. माझ्यामुळे तुम्हाला काही झालं ना, तर..."

ताई रडायला लागली. दाजी म्हणाले, "रडतेस काय? पोरगी मोठी झाली. तिने ठरवलंय, आपण ऐकायचं."

मी थक्क झालो. भाची गेल्यावर ते हळूच माझ्या कानाशी आले. "पण माझा माझ्यावर भरवसा नाही रे."

म्हणून त्यांनी स्वतःला उघडता येणार नाही असं कुलूप करायला घेतलं. दार ओढलं की आपोआप लागणारं, आणि बाहेरून एकच किल्ली, तीही भाचीकडे. आता, ते आपल्याला उघडत नाही याची खात्री करायची तर उघडून बघायला नको? भाची कामावर गेली की दाजी तोंडाला फडकं बांधून तिच्या दारासमोर मांडी घालून बसत, आणि बघता बघता दार उघडे. मग ते कपाळावर हात मारत, आत पाऊलही न टाकता कुलूप काढून आणत आणि पुन्हा घासायला बसत. संध्याकाळी भाची आली की खिडकीत नवी किल्ली.

"बाबा, आजही?"

"आजही," दाजी खजील होऊन सांगत. मुलीच्या खोलीत जायचं नाही म्हणून रोज तिच्या दारावर दरोडा घालणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

अखेर एके दिवशी दाजी घामाघूम होऊन घरी आले. "नाही उघडलं," म्हणाले. ताईने सुटकेचा निःश्वास सोडला. दाजी मात्र न जेवता झोपले.

आणि मग भाचीलाच ताप आला. "डॉक्टरांशी बोललेय, औषधं आहेत," ती बंद दारामागून म्हणाली. "कुणी आत यायचं नाही. बाबा, माझी शपथ आहे." आवाज पार खोल गेला होता. तो ऐकून ताई वेडीपिशी झाली.

"अहो, उघडा ते दार!"

दाजी बसले. कुलपात तारेचे आकडे घातले, कान लावला, जीभ बाहेर काढून खटपट केली. "नाही उघडत गं."

"नाही उघडत म्हणजे? जन्मभर दुसरं केलंय काय तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ताई बोलू नये ते बोलली. खालच्या मजल्यावरचा सुतार जिन्यातून ओरडला, "घरचं कुलूप उघडेना, आणि गावाला किल्ल्या वाटतोय!" मीही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. दाजी मान खाली घालून ऐकत राहिले आणि आकडा फिरवत राहिले. आतून खोकल्याचा आवाज आला की त्यांचा हात थांबायचा, एवढंच.

ताप उतरला. पुढे काही दिवसांनी, आता भेटायला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या सकाळी भाची खोली झाडून केराची बादली बाहेर ठेवायला आली आणि वाऱ्याने मागे दार लागलं. खटक. किल्ली आत.

दाजींना विचारण्यात अर्थच नव्हता. ताईने सुताराला हाक मारली. तो छिन्नी-हातोडा घेऊन आला, छिन्नी थेट कुलपावर टेकवली, आणि दाजी किंचाळले, "खबरदार हात लावशील तर!"

त्यांनी ताईच्या केसांतली पिन उपसली, दातांनी वाकवली आणि कुलपात घातली. सुतार हातोडा खाली ठेवतोय तोवर दार उघडलं.

ताई त्या उघड्या दाराकडे बघत राहिली. "म्हणजे तेव्हाही येत होतं तुम्हाला?"

"मला न उघडणारं कुलूप मला जमलंच नाही गं. मग म्हटलं, आपणच उघडायचं नाही."

"ती आत तळमळत होती. मी हात जोडत होते तुमच्यापुढे."

"ती नको म्हणाली होती ना," दाजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली!

भाचीने नाक पुसलं. "बाबा, या आत."

दाजी पुढे झाले, उंबऱ्याशी थबकले, आणि हात लांब करून त्यांनी दार ओढून घेतलं. खटक. मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी दार वाजवलं. दोनदा, अगदी हळू. आत कुणीच नव्हतं, किल्ली तेवढी होती. आम्ही सगळे, भाचीसकट, बाहेर उभे.

"या ना, बाबा," भाची त्यांच्या शेजारून म्हणाली.

दाजींनी ताईपुढे हात केला. ताईने केसांतली दुसरी पिन काढून दिली.